बुरशी नेमकी बसते कुठे?

कृषी सेवा केंद्रातून आणलेली ज्वारीच्या किंवा बाजरीच्या बियाण्याची पिशवी फोडली की आतून लाल, गुलाबी, क्वचित निळे किंवा हिरवे दाणे बाहेर पडतात. शेतीशी संबंध न आलेला माणूस हमखास विचारतो, बियाण्याला हा रंग कशाला? शेतकऱ्याचा प्रश्न याहून खोल असतो. घरच्या कणसांतून निवडून ठेवलेले टपोरे, डोळ्यांना निरोगी दिसणारे बी पेरायचे असताना त्याला औषध का चोळायचे? रोग आलाच तर तेव्हा फवारणी करता येईल की.

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मिळायला माणसाला जवळजवळ दोनशे वर्षे लागली, कारण उत्तर औषधाच्या डब्यात नव्हते. बुरशी दाण्याच्या अंगावर बसली आहे, दाण्याच्या पोटात आहे, की मातीत दबा धरून आहे, हे आधी समजावे लागते.

१. फवारणीला उशीर झालेलाच असतो

ज्वारीची दाणे काणी हे उदाहरण घेऊ. कणीस वरून बरे दिसते, पण जवळ जाऊन पाहिले तर काही दाण्यांच्या जागी मळकट पांढऱ्या, लांबट पुड्या आलेल्या असतात. पुडी चिमटीत फोडली की काळी भुकटी हातावर सांडते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. सगळ्यांची समजूत अशी होते की कणीस बाहेर पडले तेव्हा रोग आला. खरे तर तो पेरणीच्याच दिवशी आलेला असतो.

मळणीत पुड्या फुटतात आणि भुकटी आजूबाजूच्या चांगल्या दाण्यांना चिकटते. दाणा कोरडा आहे तोवर बीजाणूही निपचित पडून राहतो. पेरणी झाली, ओल लागली, की बी आणि बीजाणू बरोबरीने जागे होतात. कोंब जमिनीबाहेर डोके काढण्याआधीच बुरशीचा धागा त्याच्यात शिरतो. नंतर ती ताटासोबत गुपचूप वाढत राहते. पानांवर डाग नाही, पिवळेपणा नाही, रोपाची वाढ नेहमीसारखी. दाणे भरायच्या वेळी मात्र ती दाण्याची जागा बळकावते. तेव्हा फवारणी करून हाती काही लागत नाही, कारण जे वाचवायचे तेच गेलेले असते.

बुरशीला रोपात शिरायला मिळणारा काळ मात्र अगदी थोडा असतो. बी रुजल्यापासून कोंब वर येईपर्यंतचे ते मोजके दिवस. तेवढ्या दिवसांत दाण्याभोवती तिला मारणारे काहीतरी असले की काम झाले. म्हणून बीजप्रक्रिया इतकी स्वस्त पडते. ज्वारीचे एकरी बियाणे साधारण ४ किलो. त्याला ३०० मेश पोताचे, म्हणजे अगदी बारीक दळलेले, गंधक किलोला ४ ग्रॅम लावण्याची शिफारस आहे. चार चोक सोळा. सोळा ग्रॅम गंधकात एका एकराची दाणे काणी आटोक्यात येते.

२. तिलेचे वाफे

अठराव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधला शेतकरी गव्हाच्या काणीने हैराण झाला होता. तिथली काणी ज्वारीच्या दाणे काणीसारखीच, पण तिला सडक्या मासळीसारखा उग्र दर्प येई. असल्या गव्हाचे पीठ काळपट व्हायचे आणि पावाला वास मारायचा. कोणी धुक्याला दोष देई, कोणी शेणखताला, कोणी चंद्राला. या रोगाचे कारण शोधणाऱ्याला बोर्दोच्या अकादमीने बक्षीस जाहीर केले.

ते मिळवले मातियू तिले याने. तो त्र्वा शहरातल्या टांकसाळीचा अधिकारी. शेतीत मुरलेला विद्वान नव्हे, पण मोजमापाची सवय असलेला माणूस. त्याने जमिनीचे १२० वाफे पाडले. वेगवेगळी खते, वेगवेगळ्या पेरणीच्या तारखा, आणि प्रत्येक प्रकारात एक गोष्ट न चुकता: काही वाफ्यांत काळी भुकटी चोळलेले बी, काहींत स्वच्छ बी, काहींत मीठ किंवा चुना लावलेले बी. खत कोणतेही असो, भुकटी चोळलेल्या वाफ्यांत काणी भरभरून आली आणि स्वच्छ बियाण्याच्या वाफ्यांत ती नाममात्र राहिली. १७५५ साली त्याने हे छापून प्रसिद्ध केले. सगळ्या शक्यता शेजारी शेजारी पेरून पाहण्याची ही पद्धत आजही प्रत्येक कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर चालते, आणि तिलेचे मोठेपण त्याच्या निष्कर्षाइतकेच या पद्धतीत आहे.

भुकटीची ताकद समजण्यासाठी एक छोटे गणित करू. काणी लागलेल्या गव्हाच्या एका दाण्यात काही दशलक्ष बीजाणू असतात. हिशेबाला ५० लाख धरू. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण ४० ग्रॅम, म्हणजे एका किलोत २५ हजार दाणे. मळणीत किलोमागे फक्त एक काणीचा दाणा फुटला आणि भुकटी सारखी पसरली, तर ५० लाख भागिले २५ हजार, म्हणजे प्रत्येक दाण्याच्या वाट्याला २०० बीजाणू आले. बीजाणू इतका बारीक की एका मिलिमीटरच्या रेषेवर पन्नासेक शेजारी शेजारी मावतील. दोनशे बीजाणू बसलेला दाणा नजरेला स्वच्छच दिसतो. डोळ्यांनी पारखलेले ‘निरोगी’ बी फसवते ते असे.

३. समुद्राचे पाणी आणि तांबे

मीठ-चुन्याची कल्पना तिलेच्या आधीची. इंग्लंडमध्ये बी पेरण्याचे यंत्र रूढ करणाऱ्या जेथ्रो टल याने १७३३ च्या आपल्या ग्रंथात एक हकीकत दिली आहे. ब्रिस्टलजवळ गव्हाने भरलेले जहाज बुडाले. तो गहू बाहेर काढला, पण दळून खाण्याजोगा राहिला नव्हता, म्हणून लोकांनी पेरून टाकला. त्या वर्षी आसपासच्या शेतांत काणी माजली आणि समुद्रात भिजलेल्या बियाण्याचे पीक मात्र स्वच्छ आले. तेव्हापासून बी मिठवणीत भिजवून त्यावर चुना टाकण्याची चाल पडली. का उपयोग होतो ते कोणाला ठाऊक नव्हते. स्वतः तिलेलाही ती भुकटी सजीव आहे हे उमगले नाही. त्याला ते एक प्रकारचे विष वाटले.

ती सजीव आहे हे पाहिले बेनेदिक्त प्रेव्हो याने, फ्रान्समधल्याच मोंतोबां गावी. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबात त्याने बीजाणूला अंकुर फुटताना पाहिला. त्याच प्रयोगांत त्याच्या ध्यानात आले की तांब्याचा स्पर्श झालेल्या पाण्यात बीजाणू रुजत नाहीत. मग मोरचुदाच्या पातळ द्रावणात बी बुडवून पेरले, तर काणी जवळजवळ नाहीशी झाली. हे १८०७ साल. रोगाचे कारण सूक्ष्म जीव असतो, हे लुई पाश्चरच्या जन्माआधी पंधरा वर्षे या माणसाने दाखवून दिले होते. विद्वानांनी ते मानले नाही आणि त्याचे काम कित्येक दशके अडगळीत पडून राहिले. शेतीच्या इतिहासात इतका मोठा शोध इतका काळ वाया गेल्याची उदाहरणे फार नाहीत.

मोरचुदाचे एक दुखणे होते. मात्रा जरा वाढली की बियाण्याची उगवण मार खाते. गंधकाची बारीक भुकटी मिळू लागल्यावर ज्वारीसाठी ती पसंत पडली, कारण ती कोरडीच चोळता येते आणि कोंबाला बाधत नाही.

४. बुरशी पोटात असेल तर?

इथवरचे सगळे उपाय दाण्याच्या अंगावरच्या बुरशीसाठी आहेत. पायाला लागलेला चिखल धुता येतो, पायात मोडलेला काटा धुऊन निघत नाही. गव्हाची मोकळी काणी हा असा आत मोडलेला काटा आहे.

या रोगात ओंबी बाहेर पडते तीच काळी भुकटी होऊन. दोन-चार दिवसांत वारा ती भुकटी उडवून नेतो आणि मागे नुसती काडी उरते. त्याच वेळी शेजारच्या निरोगी ओंब्या फुलोऱ्यात असतात. उडालेला बीजाणू फुलावर बसतो, रुजतो, आणि तयार होणाऱ्या दाण्याच्या अंकुरात जाऊन झोपी जातो. दाणा टपोरा भरतो, चकाकतो, उगवतोही उत्तम. पुढच्या वर्षी त्याच दाण्याच्या ताटाला काळी ओंबी येते. अशा बियाण्याला बाहेरून गंधक चोळा नाहीतर मोरचुदात बुडवा, बुरशीला काहीच पोहोचत नाही.

यावरचा पहिला उपाय उष्णतेचा, १८८० च्या दशकात डेन्मार्कच्या जेन्स लुडविग जेन्सन याने काढलेला. बी आधी चार-पाच तास साध्या पाण्यात भिजवायचे, म्हणजे आत झोपलेली बुरशी जागी होते. जागी झालेली बुरशी उष्णतेला नाजूक असते. मग बी ५२ ते ५४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे धरायचे. एवढ्या उष्णतेत बुरशी मरते आणि गव्हाचा अंकुर तगतो. पण दोघांच्या सोसण्यात फरक अगदी दोन-तीन अंशांचा. पाणी थोडे कमी तापले तर बुरशी वाचते, थोडे जास्त तापले तर बियाणेच मरते. तापमापक आणि मोठी भांडी असलेल्या बीजोत्पादन केंद्राला हे जमेल, चुलीवर हंडा ठेवणाऱ्याला जमणे अवघड.

लायलपूरच्या (आजचे फैसलाबाद) कृषी महाविद्यालयात जे. सी. लुथरा आणि त्यांचे सहकारी सत्तार यांनी १९३० च्या दशकात या अडचणीवर जी तोड काढली, तिला दाद द्यावी तेवढी थोडी. पंजाबात मे-जूनमध्ये सूर्य आग ओकतो. त्यांनी सांगितले की भट्टी, तापमापक काही नको. निरभ्र आकाशाचा दिवस निवडा. सकाळी चार तास गहू पाण्यात भिजवा. दुपारी तो तापलेल्या अंगणात पातळ पसरा आणि चारपर्यंत कडक उन्हात राहू द्या. पुरता वाळला की साठवून ठेवा आणि थंडीच्या तोंडाला पेरा. भिजवल्याने बुरशी जागी होते, उन्हाने मरते. खर्च शून्य. विदर्भ-मराठवाड्यातल्या वैशाखातही असे ऊन मिळते. ढगाळ किंवा दमट दिवशी मात्र हा प्रयोग करू नये, नाहीतर बी भिजून फुगते आणि सुकत नाही.

तिसरा टप्पा आला १९६६ साली. फॉन श्मेलिंग आणि कुल्का या एका रबर कंपनीच्या संशोधकांनी कार्बोक्झिन हे औषध जाहीर केले. ते दाण्यावर न थांबता आत झिरपते, रोपाच्या रसात मिसळते आणि आतल्या बुरशीला गाठते. अशा औषधांना आंतरप्रवाही म्हणतात. रबराशी या विषयाचे नाते आणखी एका ठिकाणी आहे. बीजप्रक्रियेत सर्वाधिक परिचित असलेले थायरम हेसुद्धा मुळात रबर पक्के करण्याच्या उद्योगातले रसायन. ते स्पर्शजन्य आहे, म्हणजे बुरशीशी थेट गाठ पडेल तिथेच मारते, आत शिरत नाही. पाकिटावर या दोन शब्दांपैकी कोणता लिहिला आहे हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

५. ज्वारीच्या चार काण्या

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला हा विषय सर्वांत जवळचा. मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काण्यांवर जी. एस. कुलकर्णी यांनी केलेला अभ्यास पुशाच्या कृषी संशोधन संस्थेने १९१८ साली पुस्तिकारूपाने छापला. ज्वारीवर काणी चार प्रकारची येते: दाणे काणी, मोकळी काणी, लांब काणी आणि शेंडे काणी. शेतात चारही ठिकाणी काळी भुकटीच दिसते आणि सगळ्यांना एकच नाव मिळते. बुरशीचे बिऱ्हाड मात्र वेगवेगळे.

दाणे काणी आणि ज्वारीची मोकळी काणी बियाण्याच्या अंगावरून येतात. गहू आणि ज्वारी दोन्हींत ‘मोकळी काणी’ हे नाव असले तरी गव्हाची आतून येते, ज्वारीची बाहेरून. म्हणून ज्वारीच्या या दोन्ही काण्यांवर गंधक चालते. शेंडे काणी सगळे कणीसच गिळते. तिचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे बी कितीही स्वच्छ असले तरी रानातून ती येऊ शकते. तिथे रोगट कणसे फुटण्याआधी पिशवीत काढून जाळणे आणि पिकाची फेरपालट करणे हे उपाय. लांब काणीचे बीजाणू वाऱ्याबरोबर येऊन फुलोऱ्यातल्या कणसावर पडतात. पेरणीच्या वेळी लावलेले गंधक तोवर कधीच संपलेले असते.

‘बीजप्रक्रिया केली होती, तरी काणी आली’ ही तक्रार गावोगाव ऐकू येते. तक्रार खोटी नसते. बहुतेक वेळा काणी दुसरी असते.

बाजरीचा केवडा, ज्याला गोसावी रोगही म्हणतात, मातीतून येतो, तरी त्यावर बीजप्रक्रिया लागू पडते. कारण मेटॅलॅक्झिल हे आंतरप्रवाही औषध रोपाच्या अंगात सुरुवातीचे काही आठवडे टिकून पहारा करते. प्रमाण किलोला ६ ग्रॅम. एकरी दीड किलो बाजरी धरली तर ९ ग्रॅम. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या संकरित बाजरीवर केवड्याने जी धाड घातली, ती पाहिलेल्या शेतकऱ्यांना या नऊ ग्रॅमची किंमत सांगावी लागत नाही.

६. तरंगते ते काढून टाका

कधी बुरशी दाण्यावर नसते आणि दाण्यातही नसते. ती दाण्याच्या बरोबरीने, वेगळा खडा होऊन पोत्यात येते. बाजरीचा अरगट असा आहे. आधी कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो, मग दाण्याच्या जागी काळपट तपकिरी, कठीण पेशी तयार होतात. त्यांत अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्ये असतात. १९५० च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन लोकांना मळमळ, वांत्या, चक्कर आणि गुंगी यांचा त्रास झाला आणि १९५८ साली वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली.

उपाय स्वयंपाकघरातला आहे. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवायचे आणि त्यात बाजरीचे बी ओतून ढवळायचे. मिठाने पाणी जड होते. अरगटाच्या पेशी हलक्या, त्या वर तरंगतात, आणि पोकळ दाणेही त्यांच्यासोबत येतात. ते काढून नष्ट करायचे, जनावरांपुढे टाकायचे नाहीत. तळाचे बी लगेच दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. धुण्यात हयगय झाली तर उरलेले मीठच उगवण मारते. कोकणात भातासाठी हेच करतात, फक्त मीठ कमी: १० लिटरला ३०० ग्रॅम. तेवढ्याने पळींज आणि रोगट, हलके दाणे वर येतात. मग धुतलेल्या, सुकवलेल्या बियाण्याला थायरम लावून ते रोपवाटिकेत टाकतात.

७. रंग कशासाठी?

आता पिशवीतल्या गुलाबी दाण्यांकडे येऊ. तो रंग औषधाचा भाग नाही. हे बी खाण्याचे नाही, एवढेच तो सांगतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाऱ्याची सेंद्रिय संयुगे बीजप्रक्रियेसाठी जगभर वापरली गेली, भारतातही. बुरशीवर ती फार परिणामकारक होती. १९७१ साली इराकने परदेशातून गहू आणि बार्लीचे हजारो टन बियाणे मागवले. त्याला मिथाइल मर्क्युरी लावलेले होते आणि खुणेसाठी लाल रंग दिलेला होता. पोत्यांवरचे इशारे स्पॅनिश आणि इंग्रजीत. बियाणे अनेक गावांत पोहोचले तेव्हा पेरणी उरकली होती. घरात धान्य कमी होते. लोकांनी बी धुतले, रंग गेला, आणि रंगाबरोबर विषही गेले असे त्यांना वाटले. कोंबड्या-जनावरांना घालून पाहिले तर ती लगेच मेली नाहीत. त्याच्या रोट्या झाल्या. पाऱ्याचा परिणाम कित्येक आठवड्यांनी दिसू लागतो: हातापायांना बधिरता, तोल जाणे, नजर आकसत जाणे. इस्पितळांत ६,५३० रुग्ण दाखल झाले आणि त्यांपैकी ४५९ दगावले. तुर्कस्तानात १९५० च्या दशकात हेक्झाक्लोरोबेंझीन लावलेला बियाण्याचा गहू खाल्ल्याने हजारो लोकांना त्वचेचा आणि यकृताचा गंभीर आजार जडला होता, त्यात मुले फार होती.

पाऱ्याचे शेवटचे बुरशीनाशक भारताने २०१८ च्या बंदी आदेशात बाद केले. आजची औषधे त्या मानाने सौम्य आहेत, पण ती खाण्यासाठी नाहीत आणि धुतल्याने निघूनही जात नाहीत.

८. हाताने करताना

औषध थोडे आणि दाणे हजारो, म्हणून प्रत्येक दाण्याला ते लागणे हीच खरी परीक्षा. बीजप्रक्रियेचे फिरते पिंप असेल तर उत्तम. नसेल तर मडक्यात किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बी आणि भुकटी घालून, तोंड बांधून पाच-दहा मिनिटे हलवावे. सुपात ओतून वरवर हात फिरवला तर निम्मे दाणे कोरडे राहतात आणि औषध सुपाला लागते.

रासायनिक औषधाऐवजी ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी किलोला ४-५ ग्रॅम लावता येते. ती मातीतल्या रोगट बुरशींशी झुंजते. पण ती सजीव आहे, म्हणून डबा उन्हात ठेवू नये, मुदत पाहावी आणि रासायनिक बुरशीनाशकात कालवू नये. सगळेच लावायचे असेल तर क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी पेरणीच्या तोंडावर जिवाणू संवर्धक. क्रम उलटला तर औषध आपल्याच जिवाणूंना मारते.

तिफणीमागे चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या हातातून हे बी तासन् तास जात असते, आणि बियाण्याच्या चर्चेत तिचा विचार सर्वांत शेवटी होतो. तिला हातमोजे द्या, तोंडाला फडके बांधू द्या, पेरताना पान-तंबाखू नको, आणि न्याहारीआधी साबणाने हात धुवायला पाणी ठेवा. जेवढे पेरायचे तेवढ्याच बियाण्याला औषध लावा. तरीही उरले तर ते घरच्या कणगीत, गोठ्यात किंवा कोंबड्यांपुढे जाऊ देऊ नका. ज्या भांड्यात औषध कालवले ते पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका, आणि रिकामी पिशवी पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.